आधी गरज, मग रचना

दुसरीकडे उत्तम चाललेली वस्तू आपल्याकडेही तशीच चालेल, हा समज कधी कधी फार महाग पडतो. ‘एरियान-५’ या युरोपीय अग्निबाणाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून त्याचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ४० सेकंदांतच तो चार उपग्रहांसह नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर आधीच्या ‘एरियान-४’साठी तयार केलेले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने एक आकडा नेमून दिलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. विशेष म्हणजे, उड्डाणानंतर त्या गणनेची गरजच नव्हती. यंत्रणेकडून काय अपेक्षित आहे, हे ठरवताना नव्या अग्निबाणाच्या मार्गाची माहिती विचारात घेतलीच गेली नव्हती.

पेढीवरही हाच नियम लागू पडतो. कापडदुकानातील सॉफ्टवेअर धान्याच्या अडतीवर आणले, तर पहिल्याच आठवड्यात अडचण उभी राहते. कापड ताग्याने येते आणि मीटरने विकले जाते. धान्य पोत्याने येते, क्विंटलने विकले जाते आणि बारदानाचे वजन वजा करावे लागते. हमाली, तोलाई यांना रकाने नसले की मुनीमजी पुन्हा कागदी वही उघडतात. हिशेब दोन होतात आणि वर्षअखेरीस त्यांचा मेळ बसत नाही.

म्हणून विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी घरातील मंडळींनी एक कोरी वही घेऊन बसावे. गल्ल्यावर बसणारा, गोदाम पाहणारा, उधारी वसूल करणारा आणि करसल्लागार अशा प्रत्येकाची गरज तीत लिहावी. काय हवे, एवढेच लिहावे. ते कसे साधावे, हे रचनाकाराने पाहावे. ‘वापरायला सोपे हवे’ ही अपेक्षा तपासता येत नाही. ‘ग्राहक समोर उभा असता त्याची थकबाकी एका मिनिटात दिसावी’ ही तपासता येते. कायद्याच्या गरजाही विसरू नयेत. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर हिशेबातील प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.

शेवटी ही यादी वडीलधाऱ्यांनी वाचावी, अनावश्यक ते खोडावे आणि मगच दर विचारावा. सौद्यापूर्वी माल पारखण्याची सवय व्यापाऱ्याला असतेच. येथे मालाच्याही आधी स्वतःची गरज पारखायची असते.