आवाजाचाही सौदा असतो

देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्याला भाव शिकवण्याची गरज नाही. सोयाबीनची आर्द्रता, कापसाची प्रत, जालन्याच्या बाजाराचा कल त्याला तोंडपाठ असतो. पण जो माल तराजूत मावत नाही, गोदामात ठेवता येत नाही, त्याचा भाव करायची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही. मैदानावरच्या सामन्याचे रेडिओवरून होणारे धावते वर्णन हा असाच एक माल आहे.

आपल्या भागात स्पर्धा कशी होते, हे वाचकांना ठाऊकच आहे. मंडळाची मुले दुकानोदुकानी वर्गणी मागतात, बॅनरवर दुकानदारांची नावे छापतात आणि भोंग्यावरून वर्णन सुरू होते. उद्या एखादे केंद्र हे वर्णन प्रसारित करायला आले, तर मंडळ काय म्हणेल? "घ्या की, आपलीच प्रसिद्धी होईल." नुकसानीची सुरुवात इथूनच होते. ज्याच्याजवळ माल आहे त्यालाच तो माल आहे हे माहीत नाही!

हा वाद जगात जुना आहे. १९३७ साली ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारी एकाने आपल्या जागेत मचाण उभारले आणि तिथून शर्यतीचे वर्णन रेडिओवर दिले. मैदानाचा मालक न्यायालयात गेला आणि हरला. दिसणाऱ्या देखाव्यावर कुणाची मालकी नसते, असा निकाल लागला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एका रेडिओ केंद्राने बेसबॉलच्या मैदानाबाहेर उंच जागी माणसे बसवून तोच प्रकार केला. क्लबने वर्णनाचा हक्क आधीच पिठाच्या धंद्यातील जनरल मिल्स कंपनीला विकलेला होता. तिथले न्यायालय क्लबच्या बाजूने उभे राहिले. खेळाडू जमवायचे, मैदान राखायचे, खर्च करायचा क्लबने, आणि नफा दुसऱ्याने न्यायचा, हे चालणार नाही, असे त्याने बजावले.

आपल्या देशात हा प्रश्न १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेत उभा राहिला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचा हक्क परदेशी कंपनीला दिला आणि दूरदर्शनशी भांडण जुंपले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि सरकारची त्यावर मक्तेदारी असू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचेच. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. त्यातील जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणीही ठरवून दिली: दूरचित्रवाणीसाठी किमान ७५ टक्के हक्कधारकाला आणि २५ टक्के प्रसार भारतीला, तर रेडिओसाठी निम्मे-निम्मे. म्हणजे आवाजाला स्वतंत्र किंमत आहे, हे कायद्यानेच मान्य केले.

खासगी एफएम केंद्रांना बातम्या आणि मोठ्या सामन्यांचे थेट वर्णन यांची मोकळीक नाही. पण २०११ च्या धोरणाने स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांचे थेट वर्णन करण्याची वाट मोकळी ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत अचलपूर, यवतमाळ, मालेगाव, लातूर ही आपल्या ओळखीची नावे आहेत. मोठे क्रिकेट ज्यांना मिळणार नाही ती केंद्रे स्थानिक खेळाकडे वळतील, हा साधा हिशेब आहे. कामठीच्या रब्बानी क्लबसारखे फुटबॉलचे जुने नाव विदर्भात आहे. उद्या आपल्या तालुक्यातल्या संघाच्या दारातही गिऱ्हाईक येऊ शकते.

मात्र फुटबॉलचा धंदा क्रिकेटसारखा नाही. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर जाहिरातीला जागा मिळते. फुटबॉल ४५ मिनिटे अखंड चालतो. जाहिरात सामन्याआधी, मध्यंतरात किंवा शेवटीच बसते. सामुदायिक रेडिओचा दाखला घ्या. २०२४ मध्ये त्यांची जाहिरातीची मर्यादा तासाला १२ मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये ठरला. सगळी जागा भरली तरी तासाला ५,३२८ रुपये होतात, आणि फुटबॉलमध्ये सगळी जागा भरतच नाही. त्यामुळे लाखोंची स्वप्ने कुणी पाहू नयेत. खरी कमाई आहे ती सामन्याला नाव देणाऱ्या व्यापाऱ्याकडून: जालन्याच्या बियाणे कंपनीकडून, सळईवाल्याकडून, आपल्याच पेठेतल्या कापड दुकानदाराकडून. तो पैसा मंडळाकडे यावा की केंद्राकडे, हे करारावर ठरते.

मोठ्यांनीही इथे ठोकर खाल्ली आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये १५ वर्षांचे सर्व व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांत एकाच पक्षाला, आयएमजी-रिलायन्सला दिले. प्रक्षेपण, जाहिरात, प्रायोजकत्व, नवी लीग, सारे एकाच गाठोड्यात बांधले गेले. वरकरणी रक्कम डोळे दिपवणारी होती. पण २०२५ अखेर करार संपत आला तेव्हा महासंघाजवळ दुसरे गिऱ्हाईकच तयार नव्हते. नवी निविदा काढली, तर नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि खेळाडू, क्लब, कर्मचारी टांगणीला लागले. १९४० मध्ये रोव्हर्स चषक जिंकणारा आणि २०२४ मध्ये या लीगमध्ये दाखल झालेला कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंगही त्यातून सुटला नाही. सारा माल, सारी वर्षे, एकच गिऱ्हाईक: किराणा दुकानदारसुद्धा असा धंदा करणार नाही.

आता कायद्याची एक बाब नीट समजून घ्यावी. आपल्याकडे सामना भरवणाऱ्याला सामन्यावर कॉपीराइट नाही. मात्र जे केंद्र प्रसारण करते, त्याला कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाने त्या प्रसारणावर २५ वर्षे हक्क मिळतो. म्हणजे मंडळाने तोंडी 'घ्या' म्हटले, तर मैदान मंडळाचे, घाम मुलांचे, आणि ते प्रसारण पुन्हा ऐकवण्याचा हक्क २५ वर्षे दुसऱ्याचा! मंडळाच्या हातात दोनच हत्यारे आहेत: मैदानाचे फाटक आणि लेखी करार.

करार म्हणजे काय हे आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारा. शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारा शेतकरी वाण कोणते, दर काय, माल कधी उचलणार, पैसे कधी, हे आधी ठरवतो. मंडळानेही तेच करावे. हक्क फक्त आवाजाचा द्यावा, चित्राचा वेगळा ठेवावा. एका हंगामापुरताच द्यावा. ध्वनिमुद्रण पुन्हा वापरायचे किंवा तिसऱ्याला विकायचे असेल, तर मंडळाची लेखी संमती घ्यावी लागेल, असे लिहावे. ज्या दुकानदारांनी वर्गणी दिली त्यांची नावे वर्णनात किती वेळा घ्यायची, हेही लिहावे. पैसे मंडळाच्या बँक खात्यात यावेत आणि हिशेब सर्वांसमोर वाचला जावा.

काही जण म्हणतील, छोट्या गावच्या स्पर्धेला कोण पैसे देणार? भाव सांगितला तर रेडिओवाला परत जाईल. यात तथ्य आहे. पहिल्या वर्षी रक्कम एक रुपया ठेवली तरी चालेल. हवे तर काहीच घेऊ नये. पण फुकट देणे वेगळे आणि न विचारता जाऊ देणे वेगळे. एक रुपयाचा करारही सांगतो की माल कुणाचा आहे, आणि दुसऱ्या वर्षी बोलणी तिथून पुढे सुरू होते.

आपल्या मोहल्ल्यांतून वकील आहेत, हिशेबनीस आहेत, अनुभवी व्यापारी आहेत. त्यांनी स्पर्धेच्या उद्घाटनाला हार घेण्यापेक्षा मंडळाच्या मुलांना दोन पानांचा करार लिहून द्यावा. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांचे बूट, चेंडू आणि प्रवासभाडे त्यातून निघाले, तरी ती मदत हारांपेक्षा मोठी ठरेल.