तेराव्यानंतरचे आठ दिवस

येरवडा म्हटले की पुणेकराला आधी तुरुंग आठवतो, मग मनोरुग्णालय आणि नंतर नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. १८९८-९९ मध्ये चापेकर बंधू येरवड्याच्या तुरुंगातच फासावर गेले. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांनी शेवटचा श्वास घेतला. हे मृत्यू इतिहासाने नोंदवून ठेवले. प्रश्न आहे तो तुमच्या-आमच्या घरातल्या मृत्यूचा.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा याबाबत स्पष्ट आहे. तुरुंगात कोणी दगावले तर निबंधकाला खबर देण्याची जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्याची, रुग्णालयात तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची आणि शहरात बेवारस प्रेत सापडले तर पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याची. म्हणजे कैद्याची आणि बेवारशाची नोंद करायला पगारी माणूस नेमलेला आहे. स्वतःच्या अंथरुणावर गेलेल्या माणसाची खबर मात्र घरच्यांनीच द्यायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

बँकेच्या नोकरीत असताना एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. नवरा गावाकडच्या घरी वारलेला, वर्ष उलटून गेलेले. नवऱ्याच्या नावावर थोडी ठेव होती आणि मुलाची फी तटली होती. मी मृत्यूचा दाखला मागितला. त्यांनी पदराची गाठ सोडून स्मशानातली पावती पुढे केली. ‘‘साहेब, जाळल्याची पावती आहे की! आणखी काय पुरावा पाहिजे?’’ माझ्यापाशी उत्तर होते, पण ते त्यांच्या उपयोगाचे नव्हते. वर्षानंतरच्या नोंदीला तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. त्या बाईंचे कितीतरी रोज कोर्टाच्या पायरीवर बुडाले.

घरोघरी हाच घोटाळा होतो. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, स्मशानाची पावती आणि मृत्यूचा दाखला हे तीन वेगळे कागद आहेत. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचे असते. वारस, बँक, पेन्शन, विमा, सात-बारा यांसाठी चालतो तो निबंधकाचा दाखलाच. त्यावर मृत्यूचे कारण छापले जात नाही, तेव्हा संकोचाचेही काही नाही. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, मूळ गावी नव्हे. माणूस साताऱ्याचा असला तरी येरवड्यातल्या लेकीकडे वारला, तर नोंद पुणे महापालिकेकडे. खबर देताना नावाचे स्पेलिंग आधारकार्डाशी आणि पासबुकाशी ताडून पाहावे. एका अक्षराच्या फरकाने अडलेली प्रकरणे मी ढिगाने पाहिली आहेत.

मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम भागते. पुढे वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की पूर्वी कोर्ट होते. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. वाट थोडी सोपी झाली, असे वाटले होते. परंतु खोट्या दाखल्यांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींची पडताळणी कडक केली. लबाडांना आळा बसायलाच हवा. मात्र या चाळणीतून पदरात जुनी पावती बांधून आलेल्या बाईलाही जावे लागते. तिच्यासाठी वस्तीत जाऊन कागद जुळवून देणारा कर्मचारी का नसावा?

तो येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेले असते. भांडी कोणी आणायची, गुरुजींना कोणी सांगायचे, सारे वाटून घेतलेले असते. त्याच यादीत एका भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या नावापुढे ‘दाखला’ एवढे लिहावे. चुकून राहिलेच, तरी तेराव्यानंतर आठ दिवस उरतात.