आधी कथा, मग नाव

एका विभागीय कथास्पर्धेत उतरावे म्हणून भोईवाड्यातल्या घरी प्रवेशिका भरायला घेतली. कथेच्या शीर्षकाला एक रकाना. छायाचित्र, प्रकाशित पुस्तके, पुरस्कार, साहित्यिक परिचय यांना चार. मग परीक्षण नेमके कशाचे होणार?

१९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने घेतली होती; हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. पहिले पारितोषिक मिळाले ते कथेला; कीर्तीला नव्हे.

मोठे नाव झाकता येते. नवख्याचा कोरा रकाना मात्र झाकता येत नाही; कथा वाचली जाण्याआधीच तो बोलून मोकळा होतो. ‘आमचे परीक्षक निःपक्षपाती आहेत’ हे आयोजकांचे उत्तर अपुरे आहे. निःपक्षपात परीक्षकांच्या सज्जनपणावर सोडायचा नसतो, त्याची व्यवस्था लावायची असते. संहितेवर केवळ क्रमांक असावा, नाव बंद पाकिटात, आणि ते पाकीट निकालानंतरच उघडावे. एवढेही जमत नसेल, तर त्या उपक्रमाला स्पर्धा म्हणू नये; सत्कार म्हणावे.