लांबी भरली, पासिंग झालं… सांध्याचं काय?

मंडळी, पेठेत सकाळी अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी उभं राहून शाळेच्या व्हॅन मोजा. त्यात जुन्या ओम्नी किती तेही बघा. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं. म्हणजे यातली एकही गाडी आता नवी नाही, आणि बऱ्याच जणींचं पत्र्याचं काम झालेलं आहे.

बोलायचंय ते त्या कामाबद्दल. गंज दिसला की वरून घासायचं, भोकावर तुकडा मारायचा, लांबी भरायची, पिवळा रंग, की गाडी पासिंगला उभी. एकदम चकाचक! पण गंजाचं खरं घर असतं सांध्यात, जिथं दोन पत्रे एकावर एक जोडलेत. तिथल्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि लवकर वाळत नाही. म्हणून तर कंपनी तिथं सीलंट भरते. दुरुस्तीत पत्रा कापताना ते निघतं आणि परत कुणी घालत नाही. लांबी म्हणजे सीलंट नव्हे! लांबी कडक, खड्ड्यात गाडी आपटली की तडकते. मग रंगाखाली गंज गुपचूप वाढतो. काही बहाद्दर तर बाथरूमचं सिलिकॉन भरतात. आंबट वास मारणारं ते सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिड सोडतं, पत्रा उलट जास्त खातं आणि त्यावर रंगही धरत नाही.

सरळ काम असं: कुजलेलं कापा, नवा पत्रा वेल्ड करा, प्रायमर मारा, मग सांध्यात पीयू सीलंट, ते वाळलं की रंग. खालची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका. उद्यमनगरातल्या कारागिरांना हे येत नाही असं कोण म्हणेल? गिऱ्हाईक रंगाचे पैसे देतं, न दिसणाऱ्या कामाचे मागितले की तोंड फिरवतं. सीलंटची नळी एका पोराच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा स्वस्त आहे. त्यामुळं 'गरीब व्हॅनवाल्याच्या पोटावर पाय' हे मला सांगू नका.

त्यात २०१९ आणि २०२१ चा महापूर. दुधाळी, शाहूपुरीत पाण्यात राहिलेल्या गाड्यांच्या सांध्यात गाळ बसला. वरून धुतल्यानं तो निघतो होय?

आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. अग्निशामक बघा, प्रथमोपचार पेटी बघा, बघायलाच पाहिजे. पण मॅट उचलून फ्लोअरचा सांधा कोण बघणार? सायलेन्सर गळका असला तर त्या फटीतून धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. पोरगं डोकं दुखतंय म्हणतं आणि आपण म्हणतो, नाश्ता केला नाहीस म्हणून.

पासिंगच्या तपासणीत फ्लोअर खालून बघणं सक्तीचं करा, ही माझी मागणी. तोवर पालकांनी रविवारी व्हॅनवाल्या काकांना सोबत घेऊन मॅट उचलावी. दम देऊ नका, काकाही तीच हवा घेतात. फ्रिजवरचं चुंबक न्या. दाराखालच्या पट्टीवर ते जिथं चिकटत नाही, तिथं जाड लांबी आहे असं समजा, आणि शाळा सुरू व्हायच्या आत, मे महिन्यातच, गाडी गॅरेजला लावा.