हात न लावण्याचे पुण्य

वनखात्याच्या पुढल्या वर्षाच्या कामांची यादी बाहेर आली की आमच्या ओळखीचे एक विद्वान गृहस्थ बाह्या सरसावतात. यादीत काय आहे हे त्यांना वाचावे लागत नाही. यादी आहे, एवढे त्यांना पुरते. मग एक लेख, एक व्याख्यान आणि एक निवेदन असा ठरलेला कार्यक्रम पार पडतो. यंदाच्या व्याख्यानाला मी पहिल्याच रांगेत सापडलो, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. जंगल माणसाच्या आधीही होते, नंतरही राहील. त्याला निगा लागत नाही. जाळरेषा म्हणजे सरकारी वणवा. झुडपे काढणे म्हणजे पाखरांची घरे मोडणे. चर खणणे म्हणजे डोंगर सोलणे. आणि या सगळ्याच्या मुळाशी ठेकेदार. तेव्हा सार्वजनिक वनजमिनीवरची देखभाल-दुरुस्तीची आणि सुधारणेची सगळी कामे बंद करा, वीस वर्षे फाटकाला कुलूप घाला आणि चमत्कार बघा. टाळ्या पडल्या. पडणारच. काहीही करू नका, हा सल्ला कानाला नेहमीच गोड लागतो आणि अंमलात आणायला दमडीचा खर्च येत नाही. गृहस्थांच्या टिपणात याहून बऱ्या गोष्टीही होत्या, पण टाळ्या या वाक्यांना होत्या म्हणून मीही यांनाच धरतो.

माझे मुख्य भांडण वणव्यापाशी आहे आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे. विदर्भातले काय, घाटाच्या पूर्वेकडचे काय, आपले बहुतेक जंगल पानगळीचे. साग, ऐन, मोह, पळस, तेंदू. माघ-फाल्गुनात पाने खाली येतात, गवत वाळून कंबरेला लागते आणि चैत्र उजाडेपर्यंत सगळी जमीन पेटायला तयार असते. पेटवते कोण? आपोआप लागलेली आग आपल्याकडे विरळा. वीज येते ती बहुधा वळवाचा पाऊस बरोबर घेऊन. पेटवतो माणूसच. मोहफुले वेचायला झाडाखालची जागा साफ हवी म्हणून कुणी पाचोळ्याला काडी लावतो. तेंदूला कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून कुणी आग फिरवतो. जाळले की पुढच्या साली गवत जोमाने येते ही समजूत सह्याद्रीत घरोघरी आहे. राहिलेले काम विडीचे थोटूक करते. म्हणूनच १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे आगीचा हंगाम धरतात आणि जाळरेषा त्याआधी तयार लागतात.

ही जाळरेषा गृहस्थांनी एकदा जवळून बघायला हवी होती. कक्षाच्या हद्दीवरचे पट्ट्यातले गवत आधी कापतात आणि तिथेच वाळू देतात. मग संध्याकाळी वारा पडला की तेवढ्या पट्ट्यापुरते पेटवतात. कसब सगळे वेळ साधण्यात. कापलेले गवत कडकडीत झालेले असते, पण बाजूच्या उभ्या गवतात अजून ओल असते, त्यामुळे आग कडेला येऊन दम सोडते. तरीही दोन्ही अंगांना मजूर हिरव्या डहाळ्या घेऊन उभे असतात. ठिणगी पलीकडे उडाली की सपासप झोडपायचे, वर तोंड फिरवून खोकायचे आणि पुढे सरकायचे. हेच काम पंधरा-वीस दिवस लांबले तर बाजूचे गवतही वाळून गेलेले असते आणि मग रेषा जाळणे खरोखरच सरकारी वणवा होऊन बसते. म्हणजे व्याख्यानात पडद्यावर दाखवलेले जळक्या उताराचे छायाचित्र खोटे होते असे मी म्हणत नाही. ते वेळ चुकलेल्या कामाचे होते. वेळ का चुकते? हरकत येते, खुलासा मागवला जातो, खुलाशावर शेरा पडतो, पैसे येईपर्यंत शिशिर सरतो. हरकती कोण घेते हे सांगायला नको.

रेषा जाळली की काम संपले असेही नाही. पाने पुढे महिनाभर गळतच राहतात, मोकळ्या पट्ट्यावर पुन्हा थर साचतो आणि वनरक्षकाला पाठीवर ब्लोअर अडकवून तीच वाट पुन्हा झाडावी लागते. ब्लोअर नसेल तिथे खराटा. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश आता मोबाइलवर येतो, फार चांगले आहे. पण संदेशाने आग विझत नाही. विझवायला माणूस पायी जातो, आणि त्याला जायला साफ केलेली वाट लागते. ती वाट साफ करणे हीसुद्धा गृहस्थांच्या मते जंगलातली ढवळाढवळ.

आणि ते वीस वर्षांचे कुलूप! कुलूप बसते ते वनरक्षकाला. काडी घेऊन येणाऱ्याला फाटक लागतच नाही. आत पाचोळा, पडकी लाकडे, वाळके गवत साठत राहते आणि त्या वीसपैकी कुठल्यातरी उन्हाळ्यात ते पेटते. मग नुसती रोपटी जात नाहीत, मनगटाएवढी झालेली झाडेही जातात. गळके छप्पर शाकारायला माणूस वर चढला की ‘घर मोडले हो’ म्हणून गाव गोळा करायचे आणि पावसात भिंत बसली की निसर्गक्रमाने बसली म्हणायचे, असा हा न्याय आहे.

आता घाणेरी. कोणी टणटणी म्हणते. गृहस्थ तिला ‘नैसर्गिक झुडपी आच्छादन’ म्हणतात आणि बुलबुलांची काळजी वाहतात. बुलबुलांचे उत्तम चालले आहे; फळे खाऊन तिचे बी तेच पेरत हिंडतात. हे नैसर्गिक आच्छादन मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेच्या शोभेसाठी ते इथे आणले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या व्याघ्रक्षेत्रातल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात तिचा शिरकाव दाखवला. तिच्या जाळीखाली गवत उरत नाही, चितळ तिला सहसा तोंड लावत नाही, गुरांनी खाल्ली तर बाधते. वीस वर्षे कुलूप घातले तर ती मात्र आभार मानील.

आणि ती काढणे हे जेसीबीचे काम नव्हे. नुसती छाटली तर दुप्पट फुटते. यंत्राने ओरबाडली तर माती उलटीपालटी होते आणि दबलेले बी वर येते. दिल्लीच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने घालून दिलेली रीत अगदी साधी आहे. कुदळीने बुंध्याभोवतीची माती बाजूला करायची, जमिनीखाली दोन-चार बोटांवर सोटमूळ तोडायचे, सगळे झुडूप उचलून उलटे, मुळे आभाळाकडे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मग पुढची दोन-तीन वर्षे पाखरे बसतात त्या झाडांखाली जाऊन नवी रोपे उपटायची आणि मोकळ्या जागेत देशी गवत धरायचे. याचे उद्घाटन होत नाही. फीत कुठे बांधणार?

जंगलाला हात लावला नाही की ते आपोआप सावरते, या श्रद्धेची परीक्षा आपल्या देशात होऊन गेली आहे. भरतपूरचे केवलादेव १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींची चराई बंद झाली. बंदीवरून दंगा झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे पाणथळीत गवत इतके माजले की पाणपक्ष्यांना उघडे पाणी मिळेना. बंदीला ज्यांनी विद्वत्तेचे बळ दिले होते त्यांच्याच दीर्घ अभ्यासातून शेवटी निघाले की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. हा निष्कर्ष छापून आला आहे. आमच्या गृहस्थांच्या हाती तो अद्याप पडलेला दिसत नाही.

कान्हाचे उदाहरण उलट बाजूचे. कडक जमिनीवरचा बारशिंगा १९७० साली तिथे ६६वर आला होता. पुढे तो शेकड्यांनी वाढला. संरक्षक कुंपणातल्या वाढीचा त्यात वाटा आहेच, पण बारशिंगा गवतावर जगतो आणि उठवलेल्या गावांच्या शेतांवर तयार झालेली तिथली मैदाने आपल्या आपण मैदाने राहत नाहीत. झाडोरा आत शिरतो, तो उपटावा लागतो. तण काढावे लागते. गावे उठवण्याबद्दल माझे मत फार कडू आहे, पण तो वाद वेगळा.

बाकीच्या मुद्द्यांना एकेक ओळ. गवताळ माळावर चर खणून झाडे लावू नयेत हे मलाही मान्य. त्यावरून उघड्या उतारावरचा बुजलेला चरही उपसू नये हे कसे निघते, ते मला कळलेले नाही. मेलेले झाड जंगलातच राहू द्यावे, हे बरोबर. जाळरेषेवर आडवे पडलेले तेवढे उचलू द्या. आणि देवराईत कुऱ्हाड बंद होती, माणूस बंद नव्हता.

खरी गंमत कायद्यात आहे. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यात वनेतर कामांना आडकाठी घालताना कोणती कामे त्यात मोडत नाहीत हेही सांगून ठेवले होते: तपासणी नाके, जाळरेषा, बिनतारी यंत्रणा, कुंपणे, पूल, मोऱ्या, पाणवठे, हद्दीच्या खुणा. म्हणजे निगेची रूक्ष कामे. २०२३च्या दुरुस्तीने त्याच पंगतीला प्राणिसंग्रहालये, सफारी आणि निसर्ग पर्यटनाच्या सोयी आणून बसवल्या. सरकारच्या लेखी आता गवत कापणारा मजूर आणि तिकीटघर एकाच रांगेत. गृहस्थांचा सरकारवर भयंकर राग आहे, पण रांग त्यांनीही तीच लावली आहे. सरकार सगळ्याला हो म्हणते, हे सगळ्याला नको म्हणतात. परिणाम ठरलेला. विरोध झाला की सिमेंटच्या कामांना आमदार असतो, मंजुरी असते, मार्चअखेरची घाई असते, ती तगतात. घाणेरी उपटण्याच्या कामाला कोणी वाली नसतो. ते कटते. पेव्हर ब्लॉकची पायवाट, बांबूचे भासणारे सिमेंटचे कठडे आणि वाघाच्या पुतळ्यासह सेल्फीचा चौथरा या कामांचे गृहस्थ हे अजाणता सगळ्यात उपयोगी मित्र आहेत.

ठेकेदाराचे भूत ते उभे करतात म्हणून सांगतो. २०१६च्या १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प सुटला, पुढे चार, मग तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटी. तेव्हा खड्डे मोजता, तीन उन्हाळ्यांनंतर जगलेली झाडेही मोजा, एवढेच मी लिहिले होते. टेकड्या चटकन हिरव्या दिसाव्यात म्हणून मध्य अमेरिकेतली गिरिपुष्पे किती दिवस लावत बसणार, असेही विचारले होते. त्यावर मला विकासविरोधी ठरवण्यात आले. हे विद्वान गृहस्थ तेव्हा हारतुऱ्यांसह रोप लावतानाच्या छायाचित्रात होते, असे कोणी म्हणते. मी पडताळून पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. आज मी निसर्गविरोधी आहे. बढती म्हणायची.

मग करायचे काय? फार काही नवे नाही. नेमाने करायची कामे आणि बांधकामे यांची अंदाजपत्रके वेगळी करावीत आणि जाळरेषांचे पैसे पावसाळा संपताच बीटपर्यंत पोचवावेत. घाणेरी काढायचे काम एका वर्षाचे मंजूर करूच नये. तीन वर्षांचे करावे, नाहीतर करू नये. कोणत्या कक्षात किती लांब रेषा, किती मजूर, काय मजुरी, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहावे. आणि जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ही कामे ग्रामसभेच्या हाती द्यावीत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १,८०९ हेक्टरांवर हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२मध्ये मिळाला, आणि बांबूवर कमाई करणाऱ्या त्या गावाने तेंदूपानाचे हमखास येणारे पैसे आपण होऊन सोडले, कारण पानांसाठी फांद्या छाटतात आणि जंगलाला आग लावतात. वणवा रोखण्याचा इतका स्वस्त उपाय कुठल्याही यादीत सापडणार नाही. सगळी गावे पाचगाव नसतात, हे खरे. काही ग्रामसभांत ठेकेदारच सरपंचाच्या शेजारी बसतो. त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. फळ्यावरचा हिशेब वाचणारी चार डोकी वाढवणे, एवढेच सुचते.

तोवर गृहस्थांना एक विनंती. पुढच्या यादीवर हरकत घ्यायचीच तर ओळवार घ्या. तिकीटघराच्या, कठड्यांच्या, पेव्हर ब्लॉकच्या ओळीवर घ्या. मी तुमच्या बाजूने उभा राहीन. जाळरेषेच्या ओळीवर घेतलीत तर निवेदनाच्या खाली, होळीच्या सुमारास डहाळ्या घेऊन येणाऱ्या तुमच्या श्रोत्यांची नावे आणि मोबाइल क्रमांकही जोडा. वनरक्षकाला लागतील.