बाग कोणाची, माळी कोणाचा?

सार्वजनिक उद्याने व क्रीडांगणे सांभाळणाऱ्या संस्थांना अलीकडे एक उपदेश वारंवार ऐकविला जातो. अधिकाऱ्यांनी नेतृत्वगुण अंगी बाणवावेत, कर्मचाऱ्यांच्या मनात कामाविषयी आत्मीयता निर्माण करावी, म्हणजे बागा आपोआप बहरतील. उपदेश चुकीचा नाही. मात्र ज्याचे नाव उद्या हजेरीपटावर राहील की नाही याचीच शाश्वती नाही, त्याने ही आत्मीयता आणावी कोठून?

गाझियाबाद महानगरपालिकेच्या उद्यान विभागातील माळ्यांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९८-९९ पासून ही माणसे तेथे राबत होती. सेवेत कायम करावे म्हणून २००४ साली त्यांनी रीतसर औद्योगिक विवाद उपस्थित केला. समेटाची कार्यवाही चालू असतानाच, जुलै २००५ मध्ये, नोटीस वा भरपाई न देता त्यांना काढून टाकण्यात आले. ही माणसे कंत्राटदाराची, असा पवित्रा महापालिकेने घेतला. पुरावा मात्र तिला देता आला नाही. भरतीबंदीची सबबही टिकली नाही. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निम्म्या थकीत वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आणि सहा महिन्यांत कायम करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण त्यासाठी माळ्यांच्या आयुष्याची साडेएकोणीस वर्षे खर्ची पडली.

वस्तुतः बाग राखणे हे बारमाही काम आहे. कोणत्या वाफ्यात पाणी साचते, कोणत्या झाडाला वाळवी लागली आहे, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या वावरातूनच येते. निविदेत चौरस मीटर मोजले जातात. हे ज्ञान मोजले जात नाही. म्हणून वेतनातील बचत जमाखर्चात ठळक दिसते, आणि वाळलेले झाड वा मोडका झोपाळा तेथे कोठेच दिसत नाही. त्याची किंमत मोजतो तो ज्याच्या घराला अंगण नाही असा नागरिक. धनिकाला स्वतःची हिरवळ असते. कामगारवस्तीतील मुलाला महापालिकेच्या बागेवाचून दुसरी जागा नसते. माळ्याचा प्रश्न आणि त्या मुलाचा प्रश्न, हे दोन नव्हेत.

नेतृत्वाची कसोटी भाषणात नसून आस्थापनेच्या तक्त्यात लागते. माळ्यांची मंजूर पदे किती, रिक्त किती, रोजंदारीवर व कंत्राटदाराकडून घेतलेले किती, त्यांना किमान वेतन मिळते काय, हे प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजेत. बागेचे नियोजन करताना माळ्याचे मत घेतले जावे, असा आग्रहही धरला पाहिजे. ज्या शहराने माळ्याला आपला म्हटले, त्याच शहराची बाग माळी आपली म्हणेल.