पाणी लागले, म्हणून पाणाड्या खरा?

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर आहे. येथे नीरा नदी भीमेला मिळते. संगमावरच्या घाटावर उभे राहिले की वाटते, या मुलखाला पाण्याची काय ददात असणार! पण हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इंदापूर तालुक्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. नदी किंवा कालवा यांपासून दूर असलेल्या शेताला विहिरीवाचून गत्यंतर नसते.

विहीर किंवा बोअर नेमकी कोठे घ्यायची, हा प्रश्न निघाला की घरात दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, "पाणाड्याला बोलवा. त्याच्या हातातली बेचकी फिरली की पाणी लागतेच." शाळेत जाणारी नात म्हणते, "आजोबा, ही अंधश्रद्धा आहे." आजोबांना विचारले, हे कशावरून? तर ते म्हणतात, "आमच्या वडिलांपासून चालत आले आहे." नातीला विचारले, तुझे कशावरून? तर ती म्हणते, "सरांनी सांगितले."

विद्यार्थी मित्रांनो, नीट पाहा. दोघांनीही दुसऱ्याच्या शब्दाचाच आधार घेतला आहे. नातीचे म्हणणे बरोबर असेलही. पण ते बरोबर का, हे तिने अजून दाखविलेले नाही. बरोबर उत्तर पाठ असणे वेगळे आणि ते बरोबर का हे ठाऊक असणे वेगळे. विज्ञान हे दुसऱ्या प्रकारचे ज्ञान आहे.

आता आजोबांची बाजू घेऊ. ते सांगतील, "पाणाड्याने दाखविलेल्या जागी पाणी लागलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे." हा प्रत्यक्ष पुरावा आहे, तो उडवून लावता येणार नाही. पण त्यावरून काय सिद्ध होते? आपल्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सांध्यांत पाणी साठते. समजा, एखाद्या शिवारात डोळे मिटून कोठेही खणले, तरी १० पैकी ६ ठिकाणी थोडेफार पाणी लागते. मग पाणाड्याच्याही १० पैकी ६ जागांना पाणी लागले, तर ते श्रेय बेचकीचे की जमिनीचे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानेच मोडली असे आपण म्हणत नाही. शिवाय पाणी लागलेल्या विहिरीची गोष्ट गावभर होते. कोरडी गेलेली विहीर मात्र कर्जाच्या वहीतच राहते.

म्हणून यशाच्या गोष्टी कितीही जमविल्या तरी हे भांडण मिटत नाही. पाणाड्याला लबाड म्हणूनही ते मिटत नाही. पुष्कळदा तो अगदी प्रामाणिक असतो. हाताच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालींनीही बेचकी फिरू शकते, आणि ती आपोआप फिरली असेच त्याला वाटते.

आपल्याकडील प्राचीन नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडत बसणे ही वितंडा. आपल्याला वाद हवा असेल तर एक अट पाळावी लागते. काय घडले तर मी माझे मत सोडीन, हे दोन्ही बाजूंनी प्रयोगापूर्वी सांगितले पाहिजे.

जर्मनीतील कासेल येथे १९९० साली असे घडले. सपाट मैदानात ५० सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचे नळ पुरले. नळांच्या जागा वरून खुणेने दाखविल्या होत्या; त्यांतून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. सुमारे ३० पाणाडे आले. ही परीक्षा न्याय्य आहे आणि आपण पूर्ण यशस्वी होऊ, असे त्यांनी आधीच लिहून दिले. तीन दिवसांनी हिशेब केला, तेव्हा त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजाने दिलेल्या उत्तरांपेक्षा सरस ठरली नाहीत.

अशीच कसोटी पुण्यातही एका दाव्याला लावली गेली. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता ओळखता येते, हा तो दावा. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोळकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० दिल्या, पण कोणती कोणाची हे कळू दिले नाही. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांतील ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी सुमारे ५० टक्के बरोबर आली असती.

यावर पाणाड्या म्हणेल, "नळातले पाणी वेगळे, भूगर्भातला झरा वेगळा." हा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. पण लगेच त्याला विचारावे, "मग कोणती परीक्षा तुम्हाला मान्य आहे?" परीक्षा मान्य करायची, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर ती खोटी ठरवायची, हे चालणार नाही.

हाच प्रश्न भूगर्भतज्ज्ञालाही विचारायचा आहे. तो जमिनीत वीजप्रवाह सोडून खडकाचा विद्युत्‌रोध मोजतो. ओला, भेगाळ खडक वीज सहज वाहू देतो. पण चिकणमातीही तसेच करते, म्हणून त्याचाही अंदाज कधी चुकतो. हाती यंत्र आहे म्हणून तो खरा, असे मानले तर आपण एका पाणाड्याच्या जागी दुसरा बसविला, एवढेच होईल. फरक असा की, अंदाज का चुकला हे तो खडकांच्या नोंदींतून शोधू शकतो आणि पुढच्या वेळी सुधारू शकतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात या विषयावर भाषण देण्याऐवजी मुलांकडून गावच्या विहिरींची आणि बोअरची नोंदवही करून घ्यावी. जागा कोणी दाखविली, किती फुटांवर पाणी लागले, मे महिन्यात ते टिकले का, खर्च किती झाला, हे सारे त्यात लिहावे. कोरड्या गेलेल्या विहिरी हटकून शोधाव्यात. कोणाच्याही सल्ल्यावाचून खणलेल्या विहिरीही मोजाव्यात, नाहीतर तुलना करणार कशाशी? आणि "पाणी लागले" म्हणजे नेमके किती, हे पहिल्या पानावर आधीच ठरवून लिहावे. अशी वही चार-पाच वर्षे चालली, तर पुढची विहीर खणताना कर्ज काढणाऱ्या घराला ती कामाला येईल.